परदेशात राहून मुलाचं गॅदरिंग कसं पाहावं

शाळेचं स्नेहसंमेलन तीन-चार तास चालतं. त्यात आपल्या मुलाचा नाच किंवा नाटुकलं असतं चार ते सहा मिनिटांचं. आई किंवा बाबा दुबईला, जर्मनीत, न्यू जर्सीत नाहीतर बोटीवर असले की बहुतेक घरांत सगळं गॅदरिंग लाइव्ह बघायचं ठरतं, आणि तिथेच गणित बिघडतं. पहिल्या दोन तासांत इथल्या फोनची बॅटरी जाते, तिकडच्याची ऑफिसातून मागून घेतलेली वेळ जाते, आणि मुलाचा नंबर येतो तेव्हा पडद्यावर नुसतं चाक फिरत असतं. म्हणून सगळी तयारी त्या चार-सहा मिनिटांभोवती करायची. दीपप्रज्वलन, पाहुण्यांचं मनोगत आणि बाकीचे नाच मिळाले तर मिळाले.

तारीख आणि वेळ

महाराष्ट्रातल्या बहुतेक शाळांची गॅदरिंगं डिसेंबरच्या सुरुवातीपासून जानेवारीअखेरपर्यंत होतात. तारीख डायरीत छापलेली असली तरी ती पक्की धरू नका. पाहुण्यांना जमत नाही, नाट्यगृहाची तारीख मिळत नाही, शाळेत मतदान केंद्र येतं, किंवा राज्यात दुखवटा जाहीर झाला की करमणुकीचे कार्यक्रम पुढे ढकलले जातात. पालकांना पास वाटले गेले की मगच तारीख पक्की समजायची. त्याआधी सुट्टीचा अर्ज टाकायचा असेल तर साहेबाला तसं सांगून ठेवा.

पत्रिकेवरची वेळ ही पालकांनी येऊन बसण्याची वेळ असते. कार्यक्रम पाहुणे आल्यावर सुरू होतो. मग ईशस्तवन, स्वागतगीत, परिचय, शाल-श्रीफळ, मुख्याध्यापकांचं अहवालवाचन, बक्षीस समारंभ, मनोगतं. बक्षीस समारंभ त्याच संध्याकाळी असेल तर या औपचारिक भागाला तास-सव्वा तास धरा, वेगळ्या दिवशी सकाळी उरकला असेल तर अर्धा-पाऊण तास पुरे. त्यानंतर 'विविध गुणदर्शन' सुरू होतं. एका नाचाला सरासरी साडेचार मिनिटं आणि मुलं उतरून दुसरी चढेपर्यंत, मधलं निवेदन धरून, दीड मिनिट. म्हणजे एका नंबरमागे सहा मिनिटं.

समजा पत्रिकेवर साडेपाच आहेत आणि मुलाचा नंबर चौदावा आहे. खरी सुरुवात सहाला. औपचारिक भाग ५० मिनिटं, म्हणजे ६:५०. त्यापुढे १३ नंबर गुणिले ६, म्हणजे ७८ मिनिटं. हिशोब रात्री ८:०८ वर येतो. अलीकडे-पलीकडे वीस-पंचवीस मिनिटं सोडा आणि पावणेआठ ते साडेआठ ही पाऊण तासाची वेळ मोकळी ठेवा. दिवसभर सुट्टी घेण्यापेक्षा एवढी मोकळीक मागणं सोपं जातं.

या हिशोबाला दोन खोड्या आहेत. पहिली म्हणजे शिशुवर्ग आणि पहिली-दुसरीचे नाच बहुधा आधी घेतात, कारण ती मुलं आठनंतर मेकअपसकट झोपतात. दुसरी म्हणजे एकच मूल दोन नाचांत असेल तर कपडे बदलायला वेळ लागतो आणि ऐन वेळी क्रम खालीवर होतो. शिवाय उघड्या मैदानावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक चालत नाही, ध्वनिप्रदूषण नियम २००० पासून आहेत. त्यामुळे नऊ वाजून गेले आणि आठ-दहा नंबर उरले असले की निवेदकाची चारोळी कापली जाते, 'वन्स मोअर' बंद होतो आणि नंबर धडाधड पुढे सरकतात. शेवटच्या नंबरांत मूल असेल तर हिशोबापेक्षा दहा मिनिटं आधीच तयार राहा. नाट्यगृहात तर पुढच्या नाटकाचं सत्र डोक्यावर असतं, तिथे अशी कापाकापी ठरलेलीच.

आता घड्याळं. हिवाळ्यात भारतात रात्रीचे आठ वाजलेले असतात तेव्हा—

दुबई, मस्कत: संध्याकाळी ६:३०
रियाध, दोहा, कुवेत: संध्याकाळी ५:३०
बर्लिन, पॅरिस: दुपारी ३:३०
लंडन: दुपारी २:३०
न्यूयॉर्क, न्यू जर्सी: सकाळी ९:३०
शिकागो, डॅलस: सकाळी ८:३०
कॅलिफोर्निया, सिअ‍ॅटल: सकाळी ६:३०
सिंगापूर: रात्री १०:३०
टोकियो: रात्री ११:३०
सिडनी: मध्यरात्र उलटून १:३०, म्हणजे दुसऱ्या दिवसाची तारीख

सिडनीवाल्यांनी गजर लावताना तारीख नीट बघावी. शनिवारचं गॅदरिंग त्यांच्याकडे रविवारी उजाडायच्या आधी असतं, आणि रविवारी रात्री गजर लावून बसणारे खूप आहेत. आखातातल्यांनी वार बघावा. अमिरातींमध्ये २०२२ पासून शनिवार-रविवार सुट्टी आहे. सौदी, कुवेत, कतार, ओमानमध्ये मात्र शुक्रवार-शनिवार, म्हणजे रविवारचं गॅदरिंग तिथे कामाच्या दिवशी पडतं.

शाळेला आधी विचारा

काही शाळा स्वतःच थेट प्रक्षेपणाची लिंक देतात, काही मोबाइलवर चित्रीकरण करू देत नाहीत, काहींनी व्हिडिओवाल्याला काम दिलेलं असतं आणि पंधरा-वीस दिवसांनी पेनड्राइव्ह मिळतो. यातलं आपल्या शाळेत काय आहे, हे गॅदरिंगच्या संध्याकाळी गेटवर कळण्यात अर्थ नाही. वर्गशिक्षकांना दोन आठवडे आधी साधा निरोप पाठवा:

"नमस्कार मॅडम. मी तिसरी 'ब'मधल्या अमुकचे बाबा. नोकरीनिमित्त मस्कतला असतो. स्नेहसंमेलनाला येता येणार नाही. अमुकचा नाच चालू असताना त्याचा मामा आसनावर बसूनच मला व्हिडिओ कॉल लावेल, स्टँड वगैरे वापरणार नाही. चालेल ना? माझा पास मामाला वापरता येईल का? आणि नाचाचा क्रमांक ठरला की कृपया कळवा."

यात तीन गोष्टी एकदम निघतात: परवानगी, पास आणि क्रमांक. पास बहुधा मुलामागे दोनच असतात आणि त्यावर नाव किंवा सही असते, म्हणून बदली माणसाचं नाव आधी सांगितलेलं बरं. ओळखपत्र त्याने खिशात ठेवावं.

याच निरोपात रंगीत तालमीची तारीखही विचारून घ्या. रंगीत तालीम गॅदरिंगच्या एक-दोन दिवस आधी, दिवसाउजेडी, पूर्ण वेशभूषेत आणि बहुधा त्याच स्टेजवर होते. गर्दी नसते, त्यामुळे नेटवर्क मोकळं असतं. शाळेने घरच्या एका माणसाला बसू दिलं तर परदेशातल्या पालकाला मुलाचा नाच मुख्य दिवसापेक्षा तिथेच स्वच्छ दिसतो. आमच्या मते कॅलिफोर्नियाच्या किंवा सिडनीच्या पालकाने या तालमीसाठी जास्त खटपट करावी. सगळ्याच शाळा परवानगी देत नाहीत, पण विचारणारेही फार नसतात.

फोन धरणारा माणूस

हे काम आईवर किंवा आजी-आजोबांवर टाकू नका. आईला मुलाला तयार करायचं असतं, गजरा माळायचा असतो, फेट्याला पिना लावायच्या असतात आणि मग थोडा वेळ स्वतः नाचही बघायचा असतो. आजी-आजोबांचा हात दोन मिनिटांत खाली येतो आणि पलीकडच्याला पुढच्या खुर्चीची पाठ दिसते. कॉलेजात जाणारा भाऊ, मामा, आत्या, शेजारचा दादा असा कोणी तरी शोधा आणि त्याला दुसरं काम देऊ नका.

फोन दोन लागतात, कॉलला एक आणि रेकॉर्डिंगला दुसरा. एकाच फोनवर दोन्ही करायला गेलं की दोन्ही बिघडतं. कॉलचं चित्र नेटवर्कनुसार धूसर होतं, आणि त्याचंच स्क्रीन रेकॉर्डिंग केलं तर तोच धूसरपणा कायमचा साठवला जातो. दोन फोन सांभाळणारी दोन माणसं मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर रेकॉर्डिंग महत्त्वाचं, कॉल दुय्यम. हे आधीच बोलून ठेवा, म्हणजे ऐन वेळी घोळ होत नाही.

निघण्यापूर्वी फोन पूर्ण चार्ज, पॉवर बँक सोबत, ८ जीबी जागा मोकळी आणि लेन्स रुमालाने पुसलेली हवी. रेकॉर्डिंगच्या फोनवर विमान मोड लावायचा, कारण मध्येच फोन आला तर बऱ्याच मोबाइलवर चित्रीकरण थांबतं आणि ते थांबलंय हे नाच संपल्यावर लक्षात येतं.

बसायची जागा पहिल्या रांगेत नको. तिथे पाहुण्यांचे सोफे असतात, आणि चार-पाच फूट उंच स्टेजच्या अगदी पुढ्यात बसलं की मागच्या ओळीतल्या मुलांचे पाय आणि बसून केलेल्या मुद्रा दिसत नाहीत. पाचव्या ते आठव्या रांगेत, मधल्या वाटेलगतची खुर्ची चांगली. मैदानावर मंडप असेल तर साउंडवाल्याच्या टेबलाजवळची जागा सगळ्यात सरस. आवाज तिथून जुळवलेला असतो, म्हणून तो तिथेच सर्वांत नीट ऐकू येतो, आणि त्याच्यासमोर कोणी उभं राहिलं तर तो स्वतःच हाकलतो. स्पीकरच्या भिंतीसमोर मात्र कधीही बसू नका.

कॉल कशावरून

भारतातून युरोप, अमेरिका, सिंगापूरला व्हॉट्सअ‍ॅपचा साधा व्हिडिओ कॉल पुरतो. ग्रुप कॉल करू नका. नागपूरची मावशी आणि बोस्टनचा काका एकाच कॉलमध्ये आले की सगळ्यांचंच चित्र खालावतं. त्यांना नंतर रेकॉर्डिंग पाठवा.

अमिरातींमध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप जातात, पण कॉल चालत नाहीत. तिथे बोटिम, झूम किंवा टीम्स वापरतात. यांपैकी जे ठरेल ते इथल्या माणसाच्या फोनवर आठवडाभर आधी टाकून एकदा बोलून घ्या. व्हीपीएन लावून व्हॉट्सअ‍ॅप कॉल करायचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतील. तिथल्या कायद्याने ते अंगाशी येऊ शकतं, चार मिनिटांच्या नाचासाठी त्या फंदात पडू नये. चीनमध्ये व्हॉट्सअ‍ॅप, गूगल मीट, यूट्यूब तिन्ही बंद असतात, तिथल्या पालकांनीही कंपनीत चालणारं एखादं अ‍ॅप आधी तपासावं.

झूमचं फुकट खातं असेल तर मीटिंग ४० मिनिटांत आपोआप बंद होते. लोक कार्यक्रम सुरू होताच कॉल लावतात आणि मुलाचा नंबर यायच्या कितीतरी आधीच पडदा काळा होतो. मुलाच्या नंबरच्या दोन नंबर आधीच कॉल लावा, त्याआधी व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता मजकूर येऊ द्या: "९ वा चालू", "१० वा झाला". त्यावरून पलीकडच्याला अंदाज येतो आणि बॅटरीही वाचते.

यूट्यूबवर थेट प्रक्षेपण करायचा विचार असेल तर तीन अडचणी माहीत हव्यात. नव्या चॅनेलला थेट प्रक्षेपणाची सोय सुरू व्हायला २४ तासांपर्यंत वेळ लागतो. फोनवरून प्रक्षेपण करायला चॅनेलचे किमान ५० सदस्य (सबस्क्रायबर) लागतात. आणि तिसरी सगळ्यात मोठी: गॅदरिंगचे बहुतेक नाच चित्रपटाच्या गाण्यांवर असतात. यूट्यूबची यंत्रणा गाणं ओळखते आणि स्वामित्वहक्काच्या कारणावरून प्रक्षेपण मध्येच थांबवू शकते. लिंक खासगी ठेवली, बघणारे दोघेच असले तरी हे होऊ शकतं. त्यातून निभावलं तरी चित्र काही सेकंद मागे असतं, म्हणजे इथे टाळ्या पडून जातात तेव्हा तिथे शेवटचं कडवं चालू असतं. एका मुलाच्या एका नाचासाठी व्हिडिओ कॉलच बरा. वर्गातल्या पाच-सहा मुलांचे पालक बाहेरगावी असतील, तर शाळेशी बोलून गूगल मीटची एकच लिंक सगळ्यांना देता येते. फुकट खात्यावर तीही तासाभरात संपते, हे ध्यानात ठेवा.

नेटवर्क का जातं

चार दिवस आधी रिकाम्या मैदानात जाऊन फोन चालवून बघितला, दणदणीत चालला, आणि गॅदरिंगच्या दिवशी काहीच हलेना, ही नेहमीची तक्रार. त्या दिवशी आठशे-हजार पालक एकाच टॉवरवर असतात आणि त्यातले निम्मे व्हिडिओ पाठवत असतात. त्यामुळे तुमचा फोन व्हिडिओ उतरवून घेऊ शकतो, पण वर चढवू शकत नाही. फोनवर काड्या पूर्ण दिसतात आणि तरी चित्र अडकतं ते यामुळे.

यावर उपाय मर्यादित आहेत, पण आहेत. दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं ठेवा आणि कार्यक्रम सुरू झाल्यावर, म्हणजे गर्दी भरल्यावर, दोन्हींचा अपलोडचा वेग तपासा. व्हिडिओ कॉलला सलग १ ते दीड एमबीपीएस अपलोड मिळाला तरी काम होतं, ३ मिळाला तर चित्र स्वच्छ येतं. आकडा सारखा खालीवर होत असेल तर ते सिम सोडा, भले त्याचा सर्वांत वरचा आकडा मोठा दिसो. शाळेच्या ऑफिसात किंवा संगणक कक्षात ब्रॉडबँड असतं, स्टेज तिथून जवळ असेल तर वायफायसाठी विचारून बघा. बाकीची अ‍ॅप बंद करा, विशेषतः फोटो आपोआप वर चढवणारं. ते चालू असेल तर तुम्ही काढलेला प्रत्येक फोटो तुमच्याच कॉलचा वेग खात असतो.

नाट्यगृहात अडचण वेगळी असते. जाड भिंती आणि बंद दारं, त्यामुळे आत मुळात सिग्नलच पोहोचत नाही. बाल्कनीत किंवा दाराशेजारी थोडा मिळतो, तेवढ्यासाठी पुढची जागा सोडलेली चालते. तिथेही काही मिळत नसेल तर लाइव्हचा नाद सोडा, नाच रेकॉर्ड करा आणि लगेच बाहेर पडून पाठवा. दहा मिनिटांच्या फरकाने काही बिघडत नाही.

आवाज आणि उजेड

कॉलवर मुलं नाचताना दिसतात, पण गाणं तुटक, पाण्याखालून आल्यासारखं येतं. कॉलची अ‍ॅपं माणसाचं बोलणं पोहोचवण्यासाठी बनवलेली असतात. मागचं संगीत म्हणजे गोंगाट समजून ती ते कापतात. झूममध्ये 'ओरिजिनल साउंड' चालू केलं की ही कापाकापी थांबते. मीटमध्ये 'नॉइज कॅन्सलेशन' दिसत असेल तर बंद करा. व्हॉट्सअ‍ॅपवर फारसं काही करता येत नाही. तिथे एक जुगाड आहे: नाचाचं गाणं परदेशातल्या पालकाने आधीच मिळवून ठेवायचं आणि निवेदकाने नाव घेतलं की आपल्या बाजूला लावायचं. पहिल्या ठेक्याला अचूक जुळत नाही, पण तुटक आवाजापेक्षा बरं. शाळा बहुधा गाणं कापून, दोन-तीन गाणी जोडून वापरते, म्हणून बाईंकडून तोच ट्रॅक मागवा, मूळ गाणं नको.

रेकॉर्डिंगच्या फोनला कापाकापीची अडचण नसते, तिथे आवाज फाटतो. ढोल-ताशा वाजला की माइक भरून जातो. स्पीकरपासून दूर बसणं हाच खरा उपाय. फोनचा माइक बहुधा खालच्या कडेला असतो, आडवा फोन धरताना तळहाताने तो झाकला जाणार नाही हे बघा.

उजेडाचं असं की स्टेजवर चेहऱ्यावर पांढरा झोत आणि मागे काळोख किंवा झगझगीत एलईडी पडदा असतो. फोन आपल्या मनाने सरासरी काढतो. काळोख जास्त असला तर चेहरे पांढरेफटक होतात, एलईडी पडदा पेटला तर मुलं काळी दिसतात. नाच सुरू झाला की मुलाच्या चेहऱ्यावर बोट दाबून धरा, उजेड आणि फोकस तिथे पक्के होतात. मग उजेडाची पट्टी जराशी खाली ओढा. पांढराफटक झालेला चेहरा नंतर कशानेच परत मिळत नाही, थोडा काळपट आलेला उजळता येतो. एलईडी पडद्यावर पट्टे सरकताना दिसले तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ५० हर्ट्झचा पर्याय आहे का पाहा. धुराचं यंत्र सुरू झालं की फोकस गडबडतो, पक्का केलेला असला तर वाचतो.

फोन आडवा धरायचा. बोटांनी झूम दुपटीपेक्षा जास्त नको.

चोवीस मुलांतलं आपलं कोणतं

सगळ्यांचे कपडे सारखे, गालावर सारखाच लाल रंग, कोळीनृत्य असेल तर डोक्यावर टोपीही सारखीच. कॉलवरच्या बोटभर चित्रात आईलासुद्धा स्वतःचं मूल सापडत नाही. फोन धरणाऱ्याला तर मुळीच नाही, तो चार मिनिटं भलत्याच मुलावर कॅमेरा रोखून बसतो.

मुलाकडून जागा काढून घ्या, पण त्याचं डावं म्हणजे प्रेक्षकांचं उजवं, हे विसरू नका. सगळ्यात सोपं म्हणजे कागदावर चौकट काढायची, खालच्या बाजूला 'प्रेक्षक' लिहायचं आणि मुलाला आपल्या जागेवर फुली मारायला सांगायचं. पहिलं कडवं झालं की ओळी बदलतात. मग दुसरी फुली. शेवटच्या पोझची तिसरी. या कागदाचा फोटो परदेशातल्या पालकाकडे आणि फोन धरणाऱ्याकडे दोघांकडे हवा. असा निरोप तयार होतो: "सुरुवात: दुसरी ओळ, प्रेक्षकांच्या डावीकडून तिसरी. ध्रुवपदाला पुढे येते. शेवटी खाली बसलेल्यांत उजव्या टोकाला."

आणि जागा माहीत असली तरी कॅमेरा मुलाला चिकटवून ठेवू नका. पहिली वीस सेकंदं पूर्ण स्टेज दाखवा, मग हळूच जवळ जा, शेवटच्या पोझला परत पूर्ण स्टेज. नुसतं एकच मूल दाखवलं की नाच काय होता तेच कळत नाही.

रेकॉर्डिंग पाठवणं

१०८०पी, सेकंदाला ३० चौकटी, एवढं पुरे. फोनप्रमाणे मिनिटाला ६० ते १३० एमबी होतात, म्हणजे पाच मिनिटांच्या नाचाचे ३०० ते ६५० एमबी. ४केमध्ये याच्या अडीच-तीनपट, आणि ते मैदानातून वर चढत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर गॅलरीतून पाठवलात की ते व्हिडिओ दाबून बारीक करतं. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंत मूळ दर्जा तसाच राहतो. मैदानात मात्र दाबलेलीच प्रत आधी पाठवा, म्हणजे पलीकडच्याला लगेच काहीतरी दिसतं, आणि मूळ फाइल घरी वायफायवरून जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी गूगल ड्राइव्हवरही एक प्रत ठेवा. फोन हरवतात आणि शाळेचा पेनड्राइव्ह येईल तेव्हा येईल.

बोटीवरच्यांना वेगळं लागतं. जहाजावर प्रत्येकाला इंटरनेट मोजून मिळतं. चार मिनिटांचा नाच लहान आकारात, सेकंदाला अर्धा मेगाबिट या हिशोबाने दाबला तर साधारण १५ एमबी होतो. लहान पडद्यावर तेवढं बघवतं. मोठी फाइल बंदरात लागल्यावर उतरवून घ्यावी.

स्टेजवर दुसऱ्यांचीही मुलं असतात. फाइल घरातल्यांपुरती ठेवा, स्टेटसला किंवा सार्वजनिक पानावर टाकायची तर इतर पालकांना विचारा.

मुलाला काय सांगायचं

"मी लाइव्ह बघणार" असं वचन देऊ नका, नेटवर्क तुमच्या हातात नाही. "त्याच रात्री बघणार" हे सांगा, ते पाळता येतं. "फोनकडे बघून हात कर" हेही नको. अर्ध्या नाचात मूल अंधारात फोन शोधत राहतं आणि गिरकी चुकवतं. शुभेच्छांचा आवाजी निरोप सकाळीच पाठवा. मेकअपच्या खोलीत बाईंच्या फोनवर कॉल करणं टाळा, तिथे साठ मुलं आणि चार शिक्षिका असतात.

नाच झाल्यावर लगेच बोलायचा आग्रह धरू नका. मूल भुकेलेलं असतं, पिना टोचत असतात. दुसऱ्या दिवशी दोघांनी एकाच वेळी रेकॉर्डिंग लावून कॉलवर बघावं आणि बोलायचं काम मुलाने करावं: कोण चुकलं, कोणाचा फेटा सुटला, बाई विंगेतून काय खुणावत होत्या.

येणारच असाल तर

विमानाची तिकिटं डिसेंबरच्या शेवटच्या पंधरवड्यात सर्वांत महाग असतात, म्हणून तारीख बदलता येणारं तिकीट घ्या, चार पैसे जास्त गेले तरी. दिल्लीमार्गे येणं टाळा, त्या दिवसांत धुक्याने विमानं रखडतात. आखातातून एक दिवस आधी आलं तरी चालतं. अमेरिकेतून किमान तीन दिवस आधी या, नाहीतर संध्याकाळी सात वाजता दुसऱ्या रांगेत बसून घोराल आणि त्याचंही रेकॉर्डिंग होईल.

वेशभूषेचे कपडे परदेशातून पाठवू नका. रंगाची छटा जुळत नाही आणि कुरिअर रखडलं तर बाईंची पंचाईत होते. शाळा ड्रेपरीवाल्याकडून एकगठ्ठा घेते. तुम्ही उंची, छाती, कंबर आणि पायाचं माप वेळेवर कळवलं जाईल एवढं बघा आणि भाडं व डिपॉझिट इथे कोणाच्या तरी हाती ठेवा. ड्रेस परत करायची मुदत बहुधा दुसऱ्या दिवशीची असते. टोपी, कमरपट्टा, घुंगरू मोजून द्यायचे, एक घुंगरू जरी कमी भरलं तरी डिपॉझिटमधून कापतात.